कुऱ्हाडे सापडत नाहीत

नमस्कार श्रोतेहो.

मी गेली काही वर्षं एक बिनपगारी काम करतो आहे, त्याबद्दल आज बोलायचं आहे. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो, त्याला आपण मुक्त सॉफ्टवेअर म्हणतो. ते घडवणाऱ्या मंडळींपुढे मी वापरणाऱ्यांची बाजू मांडतो. मला प्रोग्रामिंग येत नाही. मराठी येतं, आणि समोरच्या माणसाचं शेवटपर्यंत ऐकून घेता येतं. या कामाला तेवढं पुरतं, असं मी अनुभवानं सांगतो.

सुरुवात झाली तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत. तिथल्या ताई सभासदांची यादी संगणकावर ठेवतात. मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. बोलता बोलता त्यांनी खणातून एक दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर निळ्या शाईत आडनावं: कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडे. प्रत्येकासमोर एक आकडा. यादी संगणकात असताना वही कशाला, असं मी विचारलं. त्यांनी शोधायच्या चौकटीत ‘कुऱ्हाडे’ टाइप केलं. उत्तर आलं, सापडलं नाही. आणि त्या चौकटीच्या मागे, पडद्यावर, कुऱ्हाडे स्वच्छ दिसत होते.

“ही नावं संगणकाला कळत नाहीत, सर. म्हणून कितव्या ओळीवर आहेत ते लिहून ठेवते. दोन वर्षं झाली.”

दोन वर्षांत त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला? आपल्यालाच नीट येत नसेल, असं त्यांना वाटत होतं. श्रोतेहो, मला हीच गोष्ट जास्त लागली. दोष यंत्रात होता आणि ओशाळत होती ती वापरणारी बाई.

घरी येऊन मी उत्साहात त्या सॉफ्टवेअरच्या लोकांकडे तक्रार नोंदवली: मराठी नावं शोधता येत नाहीत. चार दिवसांनी उत्तर आलं, आमच्याकडे सापडतात, आणि तक्रार बंद झाली. मला राग आला. पण चूक माझी होती. ताईंचं दुखणं मी माझ्या शब्दांत, घाईघाईनं, मोघम सांगितलं होतं. डॉक्टरला नुसतं ‘बरं नाही’ म्हटलं तर तो काय तपासणार?

मी परत गेलो. या वेळी अख्खी दुपार ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. कोणती नावं सापडतात, कोणती नाहीत, कुणी टाइप केली, कोणत्या कळफलकावर, सगळं विचारलं. तेव्हा उलगडा झाला. जुनी यादी त्यांच्या आधीच्या माणसानं एका पद्धतीनं टाइप केली होती, ताई टाइप करतात इनस्क्रिप्टनं, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकानं.

आता जरा अक्षराबद्दल. रेडिओवर अक्षर दाखवता येत नाही, पण हे अक्षर ऐकू येतं. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना बोलवा म्हटलं तर विद्वान गृहस्थ येतील, आचाऱ्यांना बोलवा म्हटलं तर जेवणाची सोय होईल. पहिल्यात ‘य’च्या डोक्यावर रफार असतो. दुसऱ्यात ‘य’च्या डाव्या अंगाला एक छोटी वळणदार रेघ असते, पापणीसारखी. हिंदीला तिची गरज पडत नाही. आपल्याला शेतकऱ्यांपासून वाऱ्यापर्यंत पावलोपावली पडते.

ही पापणी संगणकावर दोन वाटांनी येते. एका वाटेत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. इनस्क्रिप्टमध्ये ‘र’च्याच कळीवर शिफ्ट धरून ते मिळतं, मग हलंत, मग पुढचं अक्षर. दुसऱ्या वाटेत साधा ‘र’, हलंत, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी. पण शोधताना संगणक चित्र पाहत नाही, त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक ठरलेला आकडा; तो ते आकडे ताडून पाहतो, आणि इथे आकडे वेगळे. म्हणून कुऱ्हाडे समोर असून सापडत नव्हते. मला उत्तर देणाऱ्यानं बहुधा दोन्ही वेळा एकाच वाटेनं टाइप केलं असणार, त्यामुळे त्याला सापडले.

दुसरी तक्रार मी तशी लिहिली. आधी काय टाइप करायचं, मग काय शोधायचं, काय दिसायला हवं, काय दिसतं. दोन्ही वाटांचे आकडे एकाखाली एक. सोबत नमुन्याची चार ओळींची फाइल, सभासदांची खरी माहिती न देता. आठवड्याभरात एका परदेशी प्रोग्रामर बाईंनी ती हातात घेतली. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, आणि त्यांनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा होता: ही दोन एकच समजायची, की रफाराचं तिसरं रूपही त्यांच्यातच धरायचं?

इथे खरी कसोटी लागली. कारण फोनवरच्या कित्येक कळफलकांवर ‘ऱ’ चटकन हाताला लागत नाही, आणि लोक ‘शेतकर्यांना’ असं रफार देऊन मोकळे होतात. अशांना तिन्ही एक झाली तर हवीच होती. मला स्वतःला ते अजिबात नको होतं. पण प्रश्न माझ्या आवडीचा नव्हता. मी ताईंना विचारलं, एका मुद्रितशोधकाला विचारलं, एका शिक्षिकेला, ग्रामपंचायतीतल्या संगणकचालकाला. मुद्रितशोधक म्हणाले, दर्या शोधताना दऱ्या यायला लागल्या तर माझं काम दुप्पट होईल. संगणकचालक म्हणाला, आमच्या याद्यांत चुकीचीच रूपं भरली आहेत, ती सापडली नाहीत तर माणूस यादीतून गेलाच म्हणायचा. दोघंही बरोबर होते. मी दोन्ही म्हणणी जशीच्या तशी पोचवली आणि माझं मत वेगळं, माझं म्हणून लिहिलं: मुळात पहिली दोन रूपं एक धरा, तिसरं हवं त्याला निवडता येऊ द्या.

प्रतिनिधीनं आपलं मत लपवू नये, पण ते इतरांच्या मतांत मिसळूही नये, असं मला तेव्हापासून वाटतं. ‘सगळ्या मराठी लोकांना हेच हवंय’ हे वाक्य मी त्यानंतर कधी लिहिलेलं नाही.

हे काम दुय्यम आहे असं कुणी समजू नये. डेबियन या, संगणक चालवणारी मुक्त प्रणाली घडवणाऱ्या प्रकल्पानं १९९७ साली स्वतःसाठी जो सामाजिक करार लिहिला, त्यात आमचा अग्रक्रम वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर असं म्हटलं आहे. ओपनस्टॅक हे मोठमोठी संगणककेंद्रं चालवण्याचं सॉफ्टवेअर २०१० मध्ये सुरू झालं. तिथे वापरकर्त्यांची वेगळी समिती नेमली गेली, आणि जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतले टिम बेल तिच्यात होते, कारण सर्न ते सॉफ्टवेअर स्वतः वापरत होती. पुढे स्थानिक वापरकर्त्यांचे गट चालवणाऱ्यांना, लोकांच्या प्रश्नांना मार्गी लावणाऱ्यांना त्या समितीच्या निवडणुकीत मताचा हक्क मिळाला, कोडची एक ओळ न लिहिता. नंतर ती समिती तांत्रिक समितीत विलीन झाली. पण माणसं गोळा करणं, त्यांचं ऐकणं, ते नीट पोचवणं हेही योगदानच, हे तिथे कागदावर आलं.

नकारही आपणच आणायचा असतो. तिसऱ्या रूपाबद्दलची सूचना आजही लटकलेली आहे. मी ग्रामपंचायतीत जाऊन त्या संगणकचालकाला तसं सांगितलं, का झालं नाही तेही सांगितलं. चांगलं झालं की सांगायला धावायचं आणि अडलं की गप्प बसायचं, अशानं पुढच्या वेळी कोण आपल्याला खरं दुखणं सांगेल?

पहिल्या दोन रूपांचं मात्र झालं. दोन आवृत्त्यांनंतर मी पतसंस्थेत गेलो, ताईंच्या संगणकावर नवी आवृत्ती घातली. त्यांनी ‘कुऱ्हाडे’ टाइप केलं. तीन ओळी पिवळ्या झाल्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी ‘गोऱ्हे’ टाइप केलं, मग ‘बऱ्हाटे’. मग खणातून ती वही काढली. मला वाटलं, आता पहिलं पान फाडतील. त्यांनी वही उलटी करून शेवटचं पान उघडलं.

“आपल्या कागदी खातेवहीत क्षीरसागर शेवटी येतात, ‘ळ’च्या नंतर. यात ते ‘क’मध्येच घुसतात. हे पण सांगाल का त्यांना?”

मी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून विचारायला लागलो, की नावं नेमकी कोणत्या क्रमानं लागतात.