कॅथरीन: 'शुद्ध' हा अर्थ नेमका आला कुठून?

नमस्कार. कॅथरीन या नावाचा अर्थ शोधू लागलात, तर बहुतेक ठिकाणी 'शुद्ध' किंवा 'निर्मळ' असे उत्तर मिळते आणि सोबत 'कथरोस' हा ग्रीक शब्द दिलेला असतो. उत्तर सोपे आहे, पण नावाचे जुने ग्रीक रूप 'ऐकतेरिने' असे असल्यामुळे ते सहजासहजी पटत नाही.

पडद्यावरचे हे दोन शब्द नीट पाहा. 'कथरोस'मध्ये 'थ' आहे, 'ऐकतेरिने'मध्ये 'त' आहे, आणि ग्रीक लिपीत या दोन ध्वनींसाठी थीटा आणि टाउ अशी स्वतंत्र अक्षरे आहेत. त-थची गल्लत मराठी कान सहसा करत नाही, त्यामुळे ही अडचण आपल्या चटकन लक्षात येते. शिवाय आरंभीचा 'ऐ' कुठून आला, हा प्रश्न उरतोच. म्हणून काही अभ्यासक हे नाव हेकाते या देवतेशी जोडतात, तर काही 'दोहोंपैकी प्रत्येक' या अर्थाच्या 'हेकातेरोस'शी. मात्र यांपैकी कोणतीही व्युत्पत्ती सर्वमान्य झालेली नाही.

मग 'शुद्ध' हा अर्थ चिकटला कसा? ख्रिस्ती परंपरेनुसार अलेक्झांड्रियाची संत कॅथरीन ही चौथ्या शतकाच्या आरंभी हौतात्म्य पत्करलेली विदुषी कुमारिका होती. तिला मारण्यासाठी आणलेले काटेरी चाकच मोडून पडले आणि अखेर तिचा शिरच्छेद करण्यात आला, असे आख्यायिका सांगते. अशा स्त्रीच्या नावात भाविकांना 'कथरोस' ऐकू येणे स्वाभाविक होते, आणि त्याच समजुतीपोटी लॅटिन लेखनात 'कातेरिना'चे 'काथारिना' झाले. इंग्रजी नावातला 'थ' हा त्याचाच वारसा आहे. रशियन 'येकातेरिना'ने मात्र 'त' जपला. माझ्या मते नंतर जोडलेला हा अर्थ खोटा ठरवण्याचे कारण नाही, कारण शतकानुशतके लोकांनी तोच मनात धरून मुलींना हे नाव दिले.

रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिचे जन्मनाव मात्र सोफी होते. तेही ग्रीकच, आणि त्याच्या 'शहाणपण' या अर्थाबद्दल कोणाचाही वाद नाही. 1744 मध्ये ऑर्थोडॉक्स पंथात प्रवेश करताना तिला येकातेरिना हे नाव मिळाले. येकातेरिनबुर्ग हे शहर तिच्या नावाचे असल्याचा समज होऊ शकतो, परंतु 1723 मध्ये वसलेल्या त्या शहराला पीटर द ग्रेटची पत्नी पहिली कॅथरीन हिचे नाव दिलेले आहे. दुसरीचा जन्मच 1729 मधला.