इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर एक, वेळा अनेक

इंदूरच्या रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या कितीतरी मराठी घरांतली मुले आज सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थायिक झाली आहेत. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापासून ते शहर सरळ हवाई रेषेत सुमारे 13,000 किलोमीटर दूर आहे.

भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर मात्र तो इंदूरहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो आणि तिबेट, सायबेरिया व आर्क्टिक महासागर ओलांडून अलास्काच्या बाजूने खाली उतरतो. विशेष म्हणजे दिल्ली जवळपास याच रेषेवर येते. इंदूरहून थेट विमान नसल्याने दिल्लीत विमान बदलावे लागते खरे, पण त्यामुळे अंतर जेमतेम काही किलोमीटरच वाढते. मुंबईमार्गे गेल्यास मात्र सुमारे हजार किलोमीटरची भर पडते. म्हणून आमच्या मते इंदूरकरांसाठी दिल्लीचाच मार्ग स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात विमाने या रेषेवरून उडत नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक कमी झाला, तर वैमानिकाला सुमारे 3,000 मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते, आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे.

वेळेचे गणित तर वाऱ्यावर अवलंबून असते. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर 2015 मध्ये सुरू केली, तेव्हा विमान अटलांटिकवरून सुमारे 13,900 किलोमीटर जात असे. ऑक्टोबर 2016 मध्ये तेच उड्डाण प्रशांत महासागरावरून नेण्यात आले; अंतर 15,300 किलोमीटर झाले, तरीही प्रवास साधारण साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी संपला. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाला थेट फायदा मिळतो असा समज आढळतो, पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरी मदत होते ती दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान जेट प्रवाहाची, जो हिवाळ्यात अधिक जोरकस असतो.

वाऱ्याइतकाच परिणाम देशांच्या निर्णयांचाही होतो. फेब्रुवारी 2019 मध्ये आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानांना गुजरात आणि अरबी समुद्राकडून वळसा घ्यावा लागला. वेळ वाढला आणि इंधनाचा खर्चही.

तिकिटावरच्या वेळा पाहून उड्डाणाचा कालावधी ठरवता येत नाही. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेतेरा तासांचा फरक असतो; त्यामुळे दिल्लीहून पहाटे चारला निघून सोळा तास उडालेले विमान तिथे त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरते. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे असतात, म्हणून तोच फरक साडेबारा तासांवर येतो आणि तेवढ्याच उड्डाणानंतर तिथे साडेसात वाजलेले असतात.