समई, सेन्सर आणि सहा इंचांची पायरी

नमस्कार मंडळी. पत्रिकेत ‘इमारतीपासून इंटरॅक्टिव्ह मीडियापर्यंत’ असं भारदस्त नाव छापलंय, ते मी दिलेलं नाही, मी फोनवर नुसतं ‘माझ्या कामाबद्दल बोलते’ म्हटलं होतं. आता छापलंय म्हणजे तिथपर्यंत पोचायला हवं. पंचेचाळीस मिनिटं आहेत, बघू.

मी बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, केलं. पाच वर्षं ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री मॉडेलला फेव्हिकॉल लावत जागलेली मुलगी. आता निम्मा वेळ घरं करते आणि निम्मा वेळ म्युझियममधल्या भिंती, हात लावला की ज्या काहीतरी करतात त्या. आईला कुणी विचारलं तर ती सांगते, ‘सकाळी घरं बांधते, रात्री भिंतीवर सिनेमा दाखवते.’ यापेक्षा बरं उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन कामं नाहीतच, एकच आहे. पण ते पटवण्याआधी समईची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एका म्युझियमसाठी, नाव नको, आम्ही एका वाड्याचा सेक्शन केला होता. सेक्शन म्हणजे सुरीनं केक कापावा तसा वाडा मधोमध कापलेला, बावीस फूट रुंद भिंतीवर प्रोजेक्ट केलेला. खांबावर हात ठेवला की त्याच्या शेजारचा खण, म्हणजे दोन खांबांमधला भाग, उजळणार. माजघरात जातं फिरणार, वर पाळण्यात मूल रडणार. भिंतीला हात कळतो तो इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकायचा, तो हातावर आपटून परत येतो, कॅमेऱ्याला पांढरा ठिपका दिसतो. ठिपका म्हणजे हात, एवढीच त्याची अक्कल. आम्ही महिनाभर टेस्टिंग केलं, लहान हात, मोठे हात, बांगड्यांचे हात, सगळं.

आणि उद्घाटनाला भिंतीसमोर समई आली.

ज्योतीतून इन्फ्रारेड भरपूर बाहेर पडतो हे मला पुस्तकात माहीत होतं, पण समई आणि पुस्तक एका जागी कधी आले नव्हते. पाच वाती, म्हणजे भिंतीच्या हिशेबानं पाच हात, आणि ज्योत हलते म्हणजे ते हात सारखे चाळवतायत. पहिली वात लागली आणि जातं फिरायला लागलं, दुसरी लागली तसं मूल रडायला लागलं, पाचवीपर्यंत अख्खा वाडा एकदम जागा, आणि पाहुणे म्हणतायत, ‘वा, अगदी मुहूर्तावर सुरू झालं!’ समई हलवा म्हणायची माझी टाप नव्हती. शेवटी आमचा प्रोग्रॅमर नारळाचं ताट हातात धरून समई आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला, पंचवीस मिनिटं. उद्घाटनाच्या प्रत्येक फोटोत तो आहे, लोकांना वाटतं संस्थेचा खजिनदार असेल.

(हसताय, पण त्याला त्या दिवशी जेवायलाही कुणी बोलावलं नाही.)

खरी फजिती तर पुढं झाली. आठवड्यानं बघायला गेले तर भिंतीवर पाटी, ‘हात लावू नये’. मी शिपाईमामांना म्हटलं, मामा, ही हात लावायचीच भिंत आहे. ते म्हणाले, ‘मॅडम, इथं सगळ्यालाच हात लावू नये आहे, तुमच्या एकट्या भिंतीला कसं सोडू?’ आणि त्यांचं बरोबर होतं हो! लोक दाराशी आल्यापासून तीस वस्तू काचेमागं बघत आलेत, हात मागे बांधून, आणि एकतिसाव्या वस्तूला मी म्हणतेय हात लावा. पाटी काढली तरी कुणी लावेना. सहा फुटांवरून मोबाईलमध्ये व्हिडिओ काढायचे आणि पुढं.

आम्ही सगळं केलं. बाणाचं ॲनिमेशन केलं, चमकणारा हात केला, ‘स्पर्श करा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. शून्य. मग माझ्याच एका घराच्या साइटवर शहाबादी फरशी उरली होती, ती टेम्पोत घालून नेली आणि भिंतीसमोर एक पायरी केली, सहा इंच उंच, चार फूट पुढं आलेली, ओटाच म्हणा ना. दुसऱ्या दिवसापासून लोक पायरीशी थांबायला लागले, काही तर चक्क चपला काढायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं! आणि एकदा माणूस ओट्यावर चढला की खांबाला हात लावतोच, आपण घरी लावतो तसा. कोडमध्ये एक ओळ बदलली नव्हती.

हे काही मी शोधलेलं नाही. इथून पंधरा मिनिटांवर शनिवारवाडा आहे, १७३२ चा. दिल्ली दरवाजाच्या फळीत ती दिंडी आहे ना, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी, आणि तोही वाकून. बंदोबस्तासाठी केलेली आहे, मान्य, पण आत कुणी एक शब्द बोलायच्या आधी तुमच्या मानेला कळलेलं असतं आपण कुठं आलोय ते. आजच्या भाषेत इंटरफेसच तो, म्हणजे माणसाची आणि वस्तूची गाठ पडते ती जागा. हल्ली मात्र इंटरफेस म्हटलं की मोबाईलची काच. आणि सेन्सर म्हटलं की ऑफिसच्या बाथरूममधला तो दिवा, माणूस स्वस्थ बसला की त्याला वाटतं कुणी नाहीच, मग आत हात हलवत बसा.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. बरं.

तर भराभर. जपानी आर्किटेक्ट टोयो इतोचा योकोहामातला ‘टॉवर ऑफ विंड्स’, १९८६. खाली जमिनीत बाजार, त्याच्या हवेसाठी आणि पाण्यासाठी वर जुना टॉवर उभा होता, २१ मीटरचा, त्याला भोकं पाडलेल्या ॲल्युमिनियमनं गुंडाळलं आणि आत दिवे, वारा आणि रस्त्यावरचा आवाज बदलेल तसे बदलणारे. दिवसा साधा पत्रा, रात्री बोलायला लागायचा. मला आवडतो, पण त्याला माणूस लागत नव्हता, नुसता वारा पुरायचा.

दुसरा निकोलस निग्रोपाँटी, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतला आर्किटेक्चरचाच विद्यार्थी, पुढं १९८५ मध्ये तिथंच मीडिया लॅब काढणाऱ्यांपैकी एक. १९७० मध्ये त्याच्या गटानं न्यूयॉर्कमध्ये काचेच्या पेटीत छोटे ठोकळे रचले, आत जर्बिल सोडले, उंदरासारखे असतात, आणि वर यंत्राचा हात. ठोकळा थोडा सरकला तर यंत्र नीट करणार, फार सरकला तर समजणार की यांना तिथंच हवाय. मामांची पाटी लोकांना नीट करते, माझी पायरी त्यांना काय हवंय ते ओळखते, दोन्ही त्या पेटीत बसतात, एवढंच म्हणते.

तिसरं, जिना. एक पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच झाली की माणूस ठेचकाळतो, कारण पायानं पुढचा अंदाज आधीच बांधलेला असतो. भिंतीचंही तसंच, हात लावल्यावर दशांश सेकंदात काही झालं नाही तर हात परत जातो. मिस्त्रीला आपण लेव्हल ट्यूब, ती पातळी बघायची पाण्याची नळी, घेऊन छळतो, प्रोग्रॅमरला का नाही छळायचं?

एकोणचाळीस स्लाइड राहिल्यात, राहू देत, पेनड्राइव्ह इथंच ठेवते. प्रश्न चहाजवळ विचारा. आणि ओ दादा, तो प्रोजेक्टर एकदम मेनमधून बंद करू नका, पंखा फिरू द्या दोन मिनिटं, नाहीतर दिवा उडतो.