कॅम्पर व्हॅनमधला गॅस

श्रोतेहो, नमस्कार. पाऊस सरला की गुहागर, गणपतीपुळे, तारकर्लीच्या वाटेवर झोपण्याराहण्याची सोय केलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यांतली शेगडी गॅसवर चालते, आणि तो गॅस बसवताना चुका होतात त्या बहुतेक एकाच जागी, सिलिंडरच्या कप्प्यात.

परदेशी व्हिडिओंत 'प्रोपेन' म्हणतात. आपल्या सिलिंडरात येतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होणं थांबवतो, म्हणून थंड देशांत निव्वळ प्रोपेन लागतो. कोकणात तो प्रश्नच नाही. मात्र तिकडचा रेग्युलेटर मागवू नका. आपल्या सिलिंडरच्या तोंडाला तो बसत नाही. आपली घरगुती शेगडी साधारण ३० मिलिबार दाबावर चालते, तोच दाब गाडीतही ठेवायचा.

सिलिंडर ५ किलोचा पुरतो. मध्यम बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस खातो. रोज दोन तास स्वयंपाक धरला तर पंधरा दिवस निघतात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उचलून गाडीत टाकू नका, तो घरातल्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो. मोठ्या सिलिंडरातून छोट्यात गॅस उतरवून देणारे गल्लोगल्ली भेटतात, त्यांच्याकडे तर जाऊच नका. सिलिंडरात वरची थोडी जागा मोकळी लागते. काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात तापला की आतला द्रव फुगतो आणि त्याला जायला जागा उरत नाही.

आता कप्पा. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, आणि हवेत जेमतेम दोन टक्के मिसळला तरी ठिणगीने पेटतो. म्हणून कप्प्याचं दार गाडीच्या बाहेरून उघडणारं हवं, आतल्या बाजूला एकही फट नको, आणि तळाला थेट बाहेर जाणारी किमान १० बाय १० सेंटिमीटरची जाळी हवी. ही जाळी सायलेन्सरपासून लांब. आपल्याकडे ती दोन गोष्टींनी बुजते: तांबड्या मातीच्या चिखलाने आणि कुंभारमाशीच्या घरट्याने. दर फेरीआधी बोट घालून बघा. सिलिंडर उभाच ठेवा, वर-खाली दोन पट्ट्यांनी आवळा. आंबा घाटाच्या वळणांवर तो आडवा झाला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरात शिरतो, आणि द्रवाचा वायू होताना तो जवळपास अडीचशे पट पसरतो.

कप्प्यापासून शेगडीपर्यंत तांब्याची नळी, ठिकठिकाणी क्लॅम्पने धरलेली. पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश, नाहीतर हादऱ्यांनी पत्राच नळी कापतो. शेवटचा तुकडा आयएसआय छापाच्या नारिंगी सुरक्षा ट्यूबचा, दीड मीटरपेक्षा लांब नको. साधे लोखंडी क्लिप खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात; ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्या, पैसे जास्त पडले तरी. जोड साबणाच्या पाण्याने तपासा, काडीने कधीच नाही. फिटरकडे पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी असेल तर उत्तम: ती गॅसच्या नळीला जोडली की ३० मिलिबारला दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. रेग्युलेटर बंद करून दहा मिनिटं थांबा. फरक कमी झाला, तर कुठेतरी गळती आहे.

शेगडी घेताना ज्योत विझल्यावर आपोआप गॅस तोडणारी घ्या. समुद्राचा वारा मंद आच हमखास विझवतो. पाऊस आला म्हणून सगळ्या खिडक्या लावून स्वयंपाक करू नका. एक खिडकी आणि छताची झडप उघडी हवी. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. म्हणून अलार्म दोन: गॅसचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा झोपलेल्याच्या डोक्याच्या पातळीला. दोन्ही एकाच ठिकाणी लावणारे बरेच आहेत, त्याचा उपयोग नाही.

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीवर चढण्याआधी, आणि पेट्रोल भरतानाही, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावा. फ्रिज गॅसवर चालत असेल तर तोही बंद.

वास आला तर आधी शेगडीची ज्योत आणि सिलिंडर बंद. दिव्याचं बटण, इंजिनाची चावी, मोबाइल यांना हात नाही. सगळी दारं उघडा, माणसं वाऱ्याच्या उलट दिशेने लांब न्या, आणि तिथून १९०६ हा गॅसगळतीचा आपत्कालीन क्रमांक लावा. अलार्म वाजायचा थांबला तरी कप्प्याची जाळी मोकळी आहे ना हे बघितल्याशिवाय गाडीत परत शिरू नका.