पाच वर्षांची मुदत

[दृश्य: वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी प्रदेशातला डांबरी रस्ता, कडेला मोठा लाल फलक]

लाल फलक, पांढरी अक्षरे. मजकूर एकच, पण हिब्रू, अरबी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलेला. हा रस्ता पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या 'अ' क्षेत्रात जातो. इस्रायली नागरिकांना प्रवेश मना आहे. जिवाला धोका आहे आणि इस्रायली कायद्यानेही बंदी आहे.

रामल्ला, नाब्लुस, जेनिन. यातल्या कुठल्याही शहराकडे वळा, असा फलक आडवा येतोच. गाडीची पाटी पिवळी असेल तर गाडी इस्रायली. पांढऱ्यावर हिरवी अक्षरे असतील तर पॅलेस्टिनी. कोण कुठे जाऊ शकतो, हे नाक्यावरच्या सैनिकाला लांबूनच कळते.

ज्या ओस्लो कराराने वेस्ट बँकचे हे 'अ', 'ब', 'क' भाग आखले, तो करार तात्पुरता होता. त्याची मुदत ४ मे १९९९ रोजी संपायची होती.

[दृश्य: व्हाइट हाउसची हिरवळ, १३ सप्टेंबर १९९३]

पहिल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या तेव्हाचे हे हस्तांदोलन सगळ्यांनी पाहिलेले आहे. मध्ये बिल क्लिंटन, एका बाजूला इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे, म्हणजे पीएलओचे, नेते यासर अराफात. राबिन यांचा हात जरा अडखळतच पुढे येतो. त्याच्या चारच दिवस आधी दोघांत पत्रांची देवाणघेवाण झाली होती, आणि खरी गोम त्या पत्रांत आहे. अराफात यांनी लिहून दिले की, इस्रायल या राष्ट्राचा शांततेने जगण्याचा हक्क आम्हाला मान्य आहे. राबिन यांनी लिहून दिले की, पीएलओ ही पॅलेस्टिनी जनतेची प्रतिनिधी आहे, हे आम्हाला मान्य आहे. एकाने राष्ट्र मान्य केले, दुसऱ्याने संघटना. पॅलेस्टिनी राष्ट्र होणार की नाही, याबद्दल अक्षरही नव्हते.

जेरुसलेम कोणाचे, पॅलेस्टिनी निर्वासितांचे काय, ताब्यातल्या भूमीवरच्या इस्रायली वसाहतींचे काय, सीमा कुठे, हे सगळे प्रश्न शेवटासाठी राखून ठेवले. आधी पाच वर्षे स्वशासन, त्यातून विश्वास, मग अंतिम तोडगा. परीक्षेत सोपी गणिते आधी सोडवावीत, तसा हा हिशेब होता. फरक इतकाच की परीक्षेत कोणी मध्येच येऊन तुमची उत्तरपत्रिका फाडत नाही.

[दृश्य: हेब्रॉन, इब्राहिमी मशीद]

२५ फेब्रुवारी १९९४. रमजान महिना. बारुख गोल्डस्टाइन या इस्रायली वसाहतवाल्याने पहाटेच्या नमाजाला जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. २९ जण ठार झाले. एप्रिलमध्ये हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलच्या अफुला शहरात आत्मघाती स्फोट घडवला. हमासला करार नको होता, कारण त्यात पॅलेस्टाइनचा मोठा भाग कायमचा सोडून दिला होता. इस्रायली उजव्यांनाही करार नको होता, कारण बायबलातली भूमी परक्याला दिली जात होती. दोघांना एकमेकांचे तोंड पाहायचे नव्हते, पण हा करार मोडावा यावर मात्र दोघांचे एकमत होते.

[दृश्य: नेसेट, इस्रायलची संसद]

५ ऑक्टोबर १९९५ रोजी राबिन यांनी दुसरा करार संसदेपुढे मांडला. वेस्ट बँकचे तीन तुकडे याच करारातले. शहरांचा 'अ' भाग आजही जेमतेम १८ टक्के. तिथे कारभार आणि पोलीस दोन्ही पॅलेस्टिनी. 'ब' भागात कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षा इस्रायलच्या हाती. उरलेला साठ टक्के 'क' भाग पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात.

त्या दिवशीचे राबिन यांचे भाषण आज शांततेचे गोडवे गाणाऱ्यांनी जरूर वाचावे. पॅलेस्टिनींना मिळेल ते राष्ट्रापेक्षा कमी काहीतरी असेल, असे ते स्पष्ट म्हणाले. जेरुसलेम अखंड आणि इस्रायलचेच राहील, हेही सांगितले. इतके हातचे राखूनसुद्धा करार तरला तो ६१ विरुद्ध ५९ मतांनी.

महिनाभरात, ४ नोव्हेंबरला, तेल अवीवच्या शांतता सभेनंतर एका ज्यू तरुणाने राबिन यांना गोळ्या घातल्या.

[दृश्य: जेरुसलेम, जाफा रोड]

१९९६ च्या फेब्रुवारीअखेर याच रस्त्यावर १८ नंबरच्या बसमध्ये स्फोट झाला. पुढच्या रविवारी पुन्हा १८ नंबरच्याच बसमध्ये. सकाळी कामाला निघालेली माणसे मारली गेली. मेमध्ये निवडणूक होती. करार घडवण्यात मोठा वाटा असलेले शिमॉन पेरेस एक टक्क्याहूनही कमी मतांनी हरले आणि बिन्यामिन नेतान्याहू पहिल्यांदा पंतप्रधान झाले.

[दृश्य: गाझा, अराफात यांचे विमान]

मुदत जवळ आली तसे अराफात म्हणू लागले, ४ मेला मी राष्ट्र जाहीर करतो. नेतान्याहूंनी बजावले, तुम्ही एकतर्फी पाऊल टाकाल तर आम्हीही टाकू. अराफात राजधान्यांमागून राजधान्या फिरले. सगळीकडे सल्ला एकच: थांबा. १७ मेला इस्रायलमध्ये निवडणूक आहे, आत्ता घोषणा केलीत तर नेतान्याहूंच्या पथ्यावर पडेल. एप्रिलअखेर पॅलेस्टिनी नेत्यांनी घोषणा लांबणीवर टाकली.

४ मे १९९९ आला आणि गेला. कराराची मुदत संपली, पण करारातली क्षेत्रे तशीच राहिली.

पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या कॅम्प डेव्हिडला दोन आठवडे बोलणी झाली आणि जेरुसलेमवर, निर्वासितांवर अडली. म्हणजे शेवटासाठी राखलेल्या प्रश्नांवरच. सप्टेंबरअखेर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, पेटला. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना भावी सीमांचा नकाशा दाखवला, पण हातात दिला नाही. अब्बास यांनी तो आठवून कागदावर उतरवून घेतला. ओल्मर्ट तेव्हा भ्रष्टाचाराच्या आरोपांत अडकून पायउतार व्हायच्या वाटेवर होते. अब्बास यांनी होकार दिला नाही. जाणाऱ्या माणसाशी कोण सौदा करणार? पण येणाऱ्याकडून तेवढेही मिळाले नाही.

[दृश्य: टेकडीवरची वसाहत, खाली पॅलेस्टिनी गाव]

खालच्या गावातल्या गच्च्यांवर काळ्या टाक्या दिसतात. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून ते साठवून ठेवावे लागते. 'क' भागात घराला खोली वाढवायची तर परवाना इस्रायली लष्कराच्या नागरी प्रशासनाकडून घ्यावा लागतो आणि तो क्वचितच मिळतो. विनापरवाना बांधले की बुलडोझर येतो. वरची वसाहत मात्र वाढत राहते. करार झाला तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकमध्ये लाखाच्या आसपास वसाहतवाले होते. आज पाच लाखांवर आहेत.

इस्रायली माणूस यावर गाझाकडे बोट दाखवतो. २००५ मध्ये आम्ही तिथल्या सगळ्या वसाहती उठवल्या, सैन्य मागे घेतले, आणि मिळाले काय? हमास, रॉकेट, शेवटी ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला. त्या दिवशी सुमारे १२०० माणसे मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेले. ही भीती खोटी नाही. कोकणातून जाऊन दिमोना, अश्दोदमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायली ज्यू घरांतली मुलेही सक्तीची लष्करी सेवा करतात, तेव्हा ही भीती आपल्या मराठीतही बोलली जात असणार. पण त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात हजारोंनी माणसे मेली, शहरेच्या शहरे जमीनदोस्त झाली. तिथून वाचलेल्याला सुरक्षेचा युक्तिवाद कोणत्या तोंडाने सांगायचा?

[दृश्य: संयुक्त राष्ट्रांची आमसभा]

जुलै २०२४ मध्ये नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने त्याच राष्ट्राला मान्यता दिली. भारताने ती १९८८ मध्येच दिली होती. या मान्यतांच्या महिनाभर आधी जेरुसलेमच्या पूर्वेला, ई-वन नावाच्या पट्ट्यात, सुमारे ३४०० घरांची योजना इस्रायलने मंजूर केली. यामुळे पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडली जाईल, असे अर्थमंत्री स्मोट्रिच उघड म्हणाले.

दुसऱ्या बाजूला महमूद अब्बास आहेत. २००५ मध्ये चार वर्षांसाठी अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूकच झालेली नाही. गाझातले युद्ध संपल्यावर वर्षभरात मतदान घेऊ, असे त्यांनी २०२५ मध्ये जाहीर केले. पूर्व जेरुसलेममधल्या पॅलेस्टिनींना त्यात मत देता येईल का, हे इस्रायल ठरवणार. २०२१ ची निवडणूक याच मुद्द्यावरून अब्बास यांनी बेमुदत लांबणीवर टाकली होती.