मॉबर्लीचा रंगीत रोल

[दृश्य: लाइट टेबल. दोन निगेटिव्ह पट्ट्या शेजारीशेजारी.]

डावीकडची पट्टी तुमच्या ओळखीची आहे. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात, कपाटातल्या जुन्या पाकिटात अशा तपकिरी-नारिंगी पट्ट्या घरोघरी सापडतात. उजवीकडची पट्टीसुद्धा रंगीत निगेटिव्हचीच, पण नारिंगी रंगाचा मागमूस नाही. आहे ती फिकट जांभळट झाक. ही हारमन फिनिक्स 200. डिसेंबर 2023मध्ये बाजारात आलेली, आणि ती आली म्हणून मला मनापासून आनंद झाला.

आनंद का, ते आधी सांगते.

[दृश्य: मॉबर्लीकडे जाणारा रस्ता, कुंपणाची झुडपं, वरून उतरणारं विमान.]

मँचेस्टर विमानतळाच्या जवळच मॉबर्ली हे चेशरमधलं गाव आहे. इल्फर्डच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्म इथल्या कारखान्यात तयार होतात: एचपी 5, एफपी 4, डेल्टा. आल्फ्रेड ह्यू हारमननं 1879 साली ड्राय प्लेट (फिल्मच्या आधीच्या, फोटोसाठीच्या काचा) बनवायला घेतल्या, तिथून हा धंदा सुरू झाला. 2004मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती. आतल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेतली आणि हारमन टेक्नॉलॉजी या नावानं चालवली. या कारखान्याला काळ्यापांढऱ्या फिल्मचं सगळं ज्ञान आहे. पण इमल्शनपासून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या थरापासून, डबीपर्यंत सगळं स्वतःच्या छताखाली केलेली हारमनची पहिली रंगीत फिल्म म्हणजे फिनिक्स.

त्या सुमाराला रंगीत रोलचा बहुतेक भार अमेरिकेतल्या रॉचेस्टरवर, कोडॅकवर येऊन पडला होता. फुजीचे रोल एकेक करून बंद होत होते. लग्नाचे फोटोग्राफर ज्याच्यावर जीव टाकायचे तो प्रो 400एच 2021मध्ये गेला. अशा वेळी कुणीतरी नव्यानं रंगीत फिल्म करायला घेतं, ही साधी गोष्ट नाही. हारमननं लपवाछपवीही केली नाही. फिल्म प्रायोगिक आहे, तिच्यावरचं काम चालूच राहणार आहे, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं.

[दृश्य: कॅमेऱ्याची पाठ उघडते. रोल बसतो, पट्टी स्पूलमध्ये अडकते.]

छत्तीसचा रोल, धुलाई नेहमीची सी-41. म्हणजे 38 अंशांचं डेव्हलपर, सव्वातीन मिनिटं. या सव्वातीन मिनिटांत जे घडतं ते मला दर वेळी थक्क करतं. चांदीचे कण काळे होता होता डेव्हलपरचं ऑक्सिडीकरण होतं, ते थरातल्या कप्लर नावाच्या रसायनाशी जुळतं आणि तिथल्या तिथे रंग जन्माला येतो. मग ब्लीच आणि फिक्सर चांदी काढून नेतात. हातात उरतो तो फक्त रंग.

अडचण अशी, की हे रंग शुद्ध नसतात. मॅजेंटानं, म्हणजे किरमिजी रंगानं, फक्त हिरवा प्रकाश अडवायला हवा, तो थोडा निळाही अडवतो. सायनचं, म्हणजे निळसर-हिरव्याचंही तेच. कोडॅकच्या रसायनशास्त्रज्ञांनी 1940च्या दशकात यावर तोड काढली: कप्लरलाच मुळात रंग द्यायचा. जिथे चित्राचा रंग तयार होईल तिथे कप्लरचा रंग नाहीसा होतो, बाकीकडे तसाच राहतो, आणि चूक सगळीकडे सारखी पसरल्यामुळे प्रिंट काढताना एकदमच वजा करता येते. आपल्या घरातल्या पट्ट्या नारिंगी दिसतात त्या यामुळे. या नारिंगी झाकेला मास्क म्हणतात. फिनिक्समध्ये हा मास्क नाही. म्हणून तिचे रंग थोडे हट्टी येतात, आणि नारिंगीची सवय झालेला लॅबचा स्कॅनर तिला पाहून गोंधळतो.

[दृश्य: कॅसलफील्ड. कालवा, लाल विटांच्या वखारी, पुलावरून जाणारी पिवळी ट्राम. ढगाळ आभाळ.]

मँचेस्टरचं आभाळ या फिल्मला मानवतं. कॉन्ट्रास्ट मुळातच जबरदस्त आहे. कडक उन्हात सावल्या काळ्याठिक्कर पडतात आणि पांढरा शर्ट नुसता पांढरा डाग होऊन बसतो. ढगातून झिरपलेला सपाट उजेड मिळाला, की विटांचा तांबडा आणि ट्रामचा पिवळा असा काही उठतो, की बघत राहावं. उजेड मोजणारं मीटर मी 200ऐवजी 160वर ठेवते, म्हणजे फिल्मला थोडा जास्त उजेड मिळतो, सावलीला तेवढाच आधार. कोडॅक गोल्डवर स्टॉपभर, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याइतकं, चुकलं तरी भागून जातं. इथे नाही भागत.

चेहऱ्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. आपल्या सावळ्या रंगाला ही फिल्म सांभाळून घेत नाही. उजेडाकडचा गाल तांबूस, सावलीकडचा थेट काळा, मधल्या छटा कुठे गेल्या ते कळत नाही. घरातल्या माणसांचे फोटो काढायला मी ती वापरणार नाही.

[दृश्य: रात्र. रशहोम, विल्म्सलो रोड. मिठाईची, कापडाची दुकानं, ओल्या फुटपाथवर निऑनची प्रतिबिंबं.]

आता ही फ्रेम बघा. आणखी जवळून. मिठाईच्या दुकानाची पाटी पांढऱ्या ट्यूबची आहे, पण प्रत्येक अक्षराभोवती शेंदरी वलय आहे. बसच्या हेडलाइटभोवती तेच. काचेपाशी उभ्या असलेल्या बाईंच्या केसांच्या कडेलाही एक तांबडी रेघ आहे. तिथे तांबडा दिवा नव्हता.

हे हॅलेशन. फिल्ममध्ये निळा टिपणारा थर सगळ्यात वर, मग हिरवा, आणि तांबडा तळाशी. फार प्रखर प्रकाश तिन्ही थर ओलांडून पारदर्शक पट्टीच्या पाठीवर आपटतो आणि परत फिरतो. परतताना वाटेत पहिला लागतो तो तांबड्याचा थर. बाकीच्या फिल्ममध्ये हा परतीचा प्रकाश शोषून घेणारी खास सोय असते. फिनिक्समध्ये ती फार अपुरी. काहींना हा दोष वाटतो. मला या रस्त्यावर तो हवाहवासा वाटला. फिल्मच्या पोटात थर कसे रचलेत ते एरवी असं उघड कधी दिसतं?

[दृश्य: फिनिक्स 2ची डबी. तोच कालवा, तोच पूल.]

जुलै 2025मध्ये फिनिक्स 2 आली, इमल्शन नव्यानं बांधलेलं. त्याच पुलावरून, तशाच ढगाळ उजेडात काढलेल्या या फ्रेम. दाणा बारीक झालाय. पुलाखालच्या काळोखात आता विटांचे सांधे दिसतात. तांबडं वलय खूपच आवरलंय, आणि माणसांच्या चेहऱ्यावर मधल्या छटा परत आल्यात. दीड-पावणेदोन वर्षांत ही मजल! फिल्मच्या धंद्यात एवढ्या वेगाची सवय कुणालाच उरली नव्हती.

कोडॅकची पोर्ट्रा फिल्म हवी असेल तर पोर्ट्राच घ्या, तिला पर्याय म्हणून मी फिनिक्स सुचवणार नाही. पण वर्षाकाठी पाच-सहा रोल काढत असाल, तर त्यातला एक मॉबर्लीचा असू द्या. रात्रीच्या बाजारासाठी पहिली मिळाली तर पहिली, माणसांसाठी दुसरी. आणि रोल धुवायला टाकताना लॅबवाल्यांना आधीच सांगून ठेवा, की हिला नारिंगी मास्क नाही, स्कॅन करताना रंग हातानं जुळवा.