गोव्यात कॅसिनो, पण गोवेकरांनाच बंदी!

पणजीत संध्याकाळी मांडवीच्या काठावर उभे राहा. समोर पाण्यात दिव्यांनी लखलखणारी मोठी जहाजं दिसतील. हेच ते कॅसिनो. तुम्ही पुण्याहून या, बेळगावहून या, दिल्लीहून या, खुशाल खेळा. पण म्हापशाच्या माणसाला तिथे जुगार खेळायला मनाई आहे! १ फेब्रुवारी २०२० पासून. आणि हा नियम कुणा आंदोलकांनी नाही, गोवा सरकारने लागू केलाय.

म्हणजे जुगारापायी संसार बुडतात, हे सरकारला मान्य आहे. फक्त बुडणारे आपले मतदार नकोत!

गंमत म्हणजे गोव्याचा मूळ कायदा जुगारबंदीचा. १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात एक कलम घातलं आणि पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनला वाट करून दिली. १९९६ मध्ये जहाजांवर पत्ते, रूलेट वगैरे टेबलांवरच्या खेळांना. कागदावर शब्द होता 'ऑफशोअर', म्हणजे किनाऱ्यापासून दूर. प्रत्यक्षात जहाजांनी नांगर टाकला तो नदीत, राजधानीच्या दारात.

याविरुद्ध गोव्यातली माणसं अनेक वर्षं रस्त्यावर उतरतायत. 'आम औरत आदमी अगेन्स्ट गॅम्बलिंग' नावाची संघटना आहे, सबिना मार्टिन्स तिच्या निमंत्रक. राजकारण्यांचं मात्र वेगळं. मनोहर पर्रीकर विरोधी पक्षात होते तेव्हा कॅसिनोंवर तुटून पडायचे. २०१२ मध्ये सत्ता आली, जहाजं तिथेच राहिली. 'मांडवीतून हलवू' हे आश्वासन त्यानंतरही दिलं गेलं, आणि सहा-सहा महिन्यांच्या मुदतवाढीही दिल्या गेल्या.

का? परवाना शुल्क कोट्यवधींचं, त्यावर कर, शिवाय तिथे कामाला असलेली स्थानिक पोरं. हा मुद्दा खोटा नाही, आणि विरोध करणाऱ्यांनी त्याला उत्तर द्यायलाच हवं. पण एकदा अर्थसंकल्पात ती रक्कम धरली, की मग कुठलं सरकार जहाज हलवतंय? म्हणून मला वाटतं, कॅसिनो अडवायचा तर पहिला परवाना निघायच्या आधी.

महाराष्ट्रात नेमकं तेच झालं, तेही जवळजवळ अपघाताने. आपल्याकडेही १९७६ मध्येच कायदा झाला होता, तोही कॅसिनोला परवानगी देणारा! पण तो कधी अमलातच आणला नाही. तो लागू करा म्हणून लोक हायकोर्टात गेले. अखेर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्दच करायचं ठरवलं.

मग मराठी माणूस वाचला का? शनिवारी रात्री पणजीत एमएच पासिंगच्या गाड्या बघा. गोव्याने आपल्या लोकांना दार लावलं, आपण आपल्याकडे दुकान उघडू दिलं नाही, आणि पैसे हरायला माणूस घाट उतरून जातोच.

गोव्यातले कुणी बघत असाल तर कॉमेंटमध्ये सांगा: जेट्टीवर ओळखपत्र खरंच तपासतात का?